हेडीस आणि पर्सेफनी : हे बरोबरीचं प्रेम आहे का?

कोरी_वही (सांगली)

'लोर ऑलिम्पस' हे इंग्रजी कॉमिक परवा दुसऱ्यांदा वाचून संपवलं आणि तेव्हापासून चैन नाही. इथे वाचणारे बरेच आहेत, म्हणून धागा काढतेय. पुढे कथा फुटणार आहे, ज्यांचं वाचायचं राहिलंय त्यांनी इथेच थांबा.

थोडक्यात सांगायचं तर ग्रीक पुराणातली गोष्ट आजच्या कपड्यांत. न्यूझीलंडच्या रेचेल स्मायथनं २०१८ ते २०२४ अशी सहा वर्षं वेबटूनवर, म्हणजे मोबाईलवर कॉमिक वाचायच्या ॲपवर, ती चालवली. २०२२, २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ तीन आयस्नर, म्हणजे कॉमिक्सचे मोठे पुरस्कार मिळाले. हेडीस पाताळाचा राजा, निळा, वय दोन हजारांच्या वर. पर्सेफनी गुलाबी, वय एकोणीस. आईनं, म्हणजे डिमीटरनं, मर्त्यलोकात काचेच्या घरात वाढवलेली. ती शिकायला म्हणून ऑलिम्पसला येते आणि हेडीसच्याच कचेरीत इंटर्न म्हणून लागते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही एकोणीसचीच होते. विश्रामबागेत तिघी मिळून एका खोलीत राहायचो, नवा भाग आला की एकच मोबाईल मध्ये धरून वाचायचो. हेडीस आवडायचा म्हणजे किती! आता मी नोकरी करते. आमच्याकडे एकोणीस-वीस वर्षांच्या मुली ट्रेनिंगला येतात. त्यांच्या डब्यात आईनं बांधून दिलेली पोळीभाजी असते, आणि साहेबांनी नुसतं नावानं हाक मारली तरी कानाच्या पाळ्या लाल होतात. परवा त्यातल्या एकीकडे बघताना मला हेडीस आठवला आणि पोटात कालवलं.

तर प्रश्न असा. हे प्रेम आहे, की घराबाहेर पडलेल्या मुलीला भेटलेला पहिला माया करणारा मोठा माणूस? मला आता दुसरं वाटतंय. मनापासून लिहा.

एसटी_खिडकी (विटा)

मला अजिबात पटत नाही. विटा–सांगली जाता-येता एसटीत पूर्ण वाचलंय मी, एकही भाग न गाळता.

पहिली रात्र आठवा. तिला दारू पाजून हेडीसच्या गाडीत मागे नेऊन टाकणारा कोण? इरॉस. कुणाच्या सांगण्यावरून? त्याच्या आईच्या, सौंदर्याची देवी ॲफ्रोडायटीच्या. कारण काय, तर हेडीसनं पार्टीत पर्सेफनीला तिच्यापेक्षा सुंदर म्हटलं. हेडीसला गाडीत कुणी आहे याचाच पत्ता नाही. मुलगी शुद्धीत नाही, घरात दुसरं कुणी नाही, आणि हा पाताळाचा राजा. काय करतो? तिला नीट झोपू देतो, जागी झाली की कुत्र्यांची ओळख करून देतो, कोट देतो आणि घरी पोचवतो. माणूस कसा आहे हे कुणी बघत नसताना कळतं. मला त्या रात्रीच कळलं.

हळदबाजार

देवांचं वय माणसांच्या पट्टीनं का मोजायचं? झ्यूस, पोसायडन सगळेच हजारांत. तिथे एकोणीस काय नि दोनशे काय.

कोरी_वही

हळदबाजार, मग लेखिकेनं एकोणीस हाच आकडा का दिला? दोनशे म्हणता आलं असतं. कथेतली पात्रंसुद्धा तिच्या वयाबद्दल बोलतात, हेडीस स्वतः त्यावरून अवघडतो. म्हणजे तो आकडा आपण बघावा म्हणूनच ठेवलाय.

तंबोरा (मिरज)

मी कोरी_वहीच्या बाजूनं, पण कारण वेगळं. वय बाजूला ठेवा, मिंथीकडे बघा. हेडीसची आधीची प्रेयसी. ती कुठे काम करते? त्याच्याच कचेरीत. म्हणजे त्याच्या आयुष्यात आलेल्या दोघीही त्याच्या हाताखालच्या. एकदा झालं तर योगायोग म्हणेन, दोनदा झाल्यावर ती त्या माणसाची सवय आहे. त्याला बरोबरीची बाई भेटतच नाही, कारण तो आपल्या इमारतीच्या बाहेर शोधतच नाही.

दुसरं, पर्सेफनीसोबतचे त्याचे फोटो छापणाऱ्या पत्रकाराचा डोळा त्यानं काढला. सगळे म्हणतात, बघा तिच्यासाठी किती करतो. तिनं सांगितलं होतं का? माझ्यासाठी कुणी कुणाचा डोळा काढला तर मी त्याच्या शेजारी निवांत झोपू शकणार नाही.

एसटी_खिडकी

डोळ्याचं मान्य. तो भाग मी पण एका दमात पुढे ढकलला होता.

पण तंबोरा, पर्सेफनी काही नाजूक बाहुली नाही. तिच्या फुलांच्या अप्सरांना माणसांनी मारलं तेव्हा तिनं एका झटक्यात गावच्या गाव संपवलं. मिंथीचं तर तिनं रोप करून टाकलं. ताकद तिच्यातही आहे, आणि तिला स्वतःलाच त्या ताकदीची भीती वाटते. हेडीसजवळ तिला ती भीती लपवावी लागत नाही. मला तर बरोबरी तिथे दिसते.

पुदिना

मिंथी म्हणजे आपला पुदिनाच की हो, ग्रीकांकडेही गोष्ट तीच. माझं टोपणनाव आधीपासूनचं आहे, कृपया कुणी माझ्यावर राग काढू नये. :)

लेकीची_आई (इस्लामपूर)

मुलीनं मला हे वाचायला लावलं. इंग्रजी सावकाश वाचते, त्यामुळे चार महिने लागले. तुम्ही सगळे त्या दोघांबद्दल बोलताय, मला मात्र पहिल्या पानापासून डिमीटर दिसत होती.

सगळे म्हणतात आईनं कोंडून ठेवलं. ठेवलं, चुकलंच तिचं. पण कॉमिक वाचून झाल्यावर लेकीनं मला मूळ गोष्ट सांगितली. होमरच्या नावावर असलेलं डिमीटरचं एक जुनं स्तोत्र आहे म्हणे. त्यात मुलगी मैत्रिणींबरोबर फुलं वेचत असते. एक नार्सिससचं फूल मुद्दाम तिला भुलवायला उगवलेलं असतं. ती हात घालते आणि जमीन दुभंगते. बापानं, झ्यूसनं, परस्पर शब्द देऊन टाकलेला. आईला कुणी विचारलंच नाही. आई नऊ दिवस हातात मशाली घेऊन, न खातापिता पृथ्वीवर हिंडते. नऊ दिवस! आणि मग म्हणते, जाऊ दे, उगवायचंच नाही आता काही. सगळ्या जगाचं धान्य थांबवते, तेव्हा कुठे देवांना मुलगी आठवते.

माझी लेक पुण्याला शिकायला गेली तेव्हा मी तिला स्वारगेटपर्यंत सोडायला गेले होते. पिशवीत शेंगांची चटणी, भडंग आणि चार जादाचे रुमाल. ती रिक्षात बसली, मागे वळून हात केला, आणि मी परतीच्या गाडीत बसले. कऱ्हाड येईपर्यंत मी खिडकीबाहेर काय बघत होते ते मला आठवत नाही. तेव्हा तिला आवडलेला मुलगा चांगला असला तरी मला आधी मशाल आठवते. हे मी सोडू शकत नाही आणि सोडणारही नाही.

संगमावर (हरिपूर)

काकू, नमस्कार. तुमचं वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

हा वाद आपल्या भागाला नवा नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून आपण देवादिकांची लग्नं रंगमंचावर बघतो आणि घरी येऊन त्यावर भांडतो. आमच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' १८९९ चं. विषय काय? पैशासाठी कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी ठरवलेलं लग्न. बाप विकायला निघालाय, गावातले शिकलेसवरलेले लोक मध्यस्थी करताहेत, आणि मुलीचं मत विचारायचं कुणाच्या ध्यानातही नाही. लहानपणी मला त्यातल्या म्हाताऱ्याचं हसू यायचं. मोठेपणी बापाचा राग आला. शारदेला वाचवलं पाहिजे असं सगळ्यांना वाटतं, कारण तिला कुणी विचारलेलं नाही.

आता दुसरीकडे 'सौभद्र' बघा, १८८२ चं. त्यातही हरणच आहे, पण सुभद्रेचं मन आधीच अर्जुनावर बसलेलं. रुक्मिणीनं तर स्वतः पत्र पाठवून कृष्णाला बोलावून घेतलं. म्हणजे आपल्याकडे हरण हा एकच शब्द दोन टोकाच्या गोष्टींना लावतात. एकीत बाई रथात चढते, दुसरीत तिला चढवतात.

ग्रीक मूळ गोष्टीत तिला चढवलंय, ती ओरडते, आणि तो आवाज फक्त हेकाटी देवी आणि सूर्य यांनाच ऐकू जातो. कॉमिकनं नेमकं हेच बदललं. पळवून नेणं काढलं आणि तिला स्वतःच्या पायांनी पाताळात जायला लावलं. माझ्या मते लेखिकेनं शारदेच्या गोष्टीची रुक्मिणीची गोष्ट करायचा प्रयत्न केलाय. पुरता जमला का, तर पहिल्या सीझनमध्ये नाही. तिथे म्हातारा देखणा आणि दयाळू झालाय इतकंच.

हळदबाजार

संगमावर, 'शारदा'चा मुद्दा लागला. मी वयाचं बोलणं मागे घेतो. निदान पहिल्या सीझनपुरतं तरी.

कोयनेचं_पाणी (सातारा)

बराच वेळ लिहू की नको करत होते.

पहिल्या नोकरीत मी एकवीसची, माझा वरिष्ठ पस्तिशीचा. कंपनीचं नाव, गाव काही लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. कधी हात लावला नाही, कधी वावगं बोलला नाही. पावसात अडकले की गाडीनं सोडायचा, आजारी पडले तर मोसंबी आणून द्यायचा. दोन वर्षं मला वाटत होतं की माझंही त्याच्यावर प्रेम आहे. नंतर कळलं की मला 'नाही' म्हणायची हिंमत कधी झालीच नव्हती, म्हणून मी 'हो' म्हणत गेले होते. कारण अगदी साधं होतं. माझ्या रजेच्या अर्जावर त्याची सही लागायची. दिवाळीला घरी जायचं म्हटलं तरी अर्ज त्याच्या टेबलावर ठेवायचा, पेन उघडून द्यायचं, आणि तो वाचेपर्यंत उभं राहायचं. तो लगेच सही करायचा, हसून करायचा. तरी तेवढा वेळ मी उभी असायचे ना.

हेडीस चांगला आहे म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय. तो चांगलाच आहे. पण तिचा कागद त्याच्या टेबलावर आहे.

आणि कॉमिकमध्ये अपोलो देवानं तिच्यावर अत्याचार केला, ते ती कितीतरी दिवस कुणाला सांगू शकत नाही. इतक्या जखमी मुलीला जो कुणी प्रेमानं बोलेल तो देवच वाटणार. तिच्या मनात काय चाललंय ते तिलाच तेव्हा कळत नसणार.

एसटी_खिडकी

ताई, मी तुमचं दोनदा वाचलं. गाडीत होतो, एक थांबा पुढे गेलो. पहिल्या रात्रीबद्दल लिहिलेलं मागे घेणार नाही, पण त्या सहीचं मला सुचलंच नव्हतं.

वाईची_पायरी (कऱ्हाड)

माझी बाजू थोडी वेगळी पडेल. माहेर वाई, सासर कऱ्हाड. नवरा तेरा वर्षांनी मोठा, लग्नाला एकवीस वर्षं झाली, आणि मी सुखी आहे. हे ठासून लिहिते, कारण अशा चर्चेत मोठ्या वयाचा पुरुष म्हटलं की सगळे आमच्याकडे दयेनं बघतात.

पण बरोबरी लगेच आली नाही, हेही खरं. आणि ती वयामुळे अडली नव्हती. त्याला कऱ्हाडात सगळे ओळखायचे. दूधवाला, बँकेतला शिपाई, डॉक्टर, सगळे. मला एकही माणूस ओळखत नव्हता. भांडण झालं तर तो दारात चप्पल घालून निघून जाऊ शकायचा, दहा घरं होती त्याला. मला कृष्णाबाईच्या घाटावर जाऊन बसण्यापलीकडे जागा नव्हती. पुढे मी शिवणाचे क्लास सुरू केले. बायका 'वहिनी' म्हणून नाही, 'मॅडम' म्हणून ओळखू लागल्या. त्यानंतर आमचं भांडण पहिल्यांदा नीट भांडण झालं.

पर्सेफनीचं मला तिथेच दुखतं. ऑलिम्पसमध्ये तिची राहायची जागा, शिष्यवृत्ती, काम, सगळं कुणाच्या ना कुणाच्या मर्जीवर. तिचं स्वतःचं एक दार नाही. वयाचा हिशेब नका करू, दारांचा करा.

तंबोरा

वाईची_पायरी, हे लाखातलं बोललात. आणि इथे मला लेखिकेचं श्रेय द्यावंसं वाटतंय. ते गाव संपवल्याबद्दलच्या खटल्यानंतर देवांचा राजा झ्यूस पर्सेफनीला दहा वर्षं मर्त्यलोकात धाडतो. मला तो भाग आधी नुसता विरह वाटला होता, गोष्ट लांबवायचा. पण तिसऱ्या सीझनला ती परत येते ती इंटर्न म्हणून नाही. पाताळाची राणी म्हणून येते. कोयनेचं_पाणी यांच्या शब्दांत, आता कागद तिच्या टेबलावर आहे. मग लग्न होतं. हा क्रम मुद्दाम लावलाय.

कोयनेचं_पाणी

हो, ती दहा वर्षं मलाही बरी वाटली. पण जो माणूस पहिल्या सीझनच्या शेवटीच टाळ्या वाजवून बसलाय त्याला ते कळणार नाही. आणि बहुतेक जण तिथेच टाळ्या वाजवून बसलेत. भागाखालच्या प्रतिक्रिया वाचा.

पुदिना

जरा विषयांतर. रंगांबद्दल कुणीच बोललं नाही! मोबाईलवर वरून खाली सरकवत वाचताना कित्येकदा चौकटच नसते, नुसता रंग उतरत जातो. निळ्याशार अंधारात खाली खाली जावं आणि एकदम कोपऱ्यात गुलाबी ठिपका दिसावा. ही गंमत छापील पुस्तकात नाही. माझ्याकडे पहिला छापील खंड आहे, पान उलटलं की दोघं एकदमच दिसतात, वाट बघावी लागत नाही.

एसटी_खिडकी

अगदी. आणि पुढचे भाग आधी वाचायला नाणी विकत घ्यायची, त्यात माझा चहाचा खर्च गेला.

भगवा_बाग (आटपाडी)

रामराम. मी कॉमिक वाचत नाही, पुतणी वाचती. तिनं हा धागा दाखवला आणि म्हणली, काका, सगळे बोलाय लागलेत पण डाळिंबाचं कुणीच बोलंना. म्हणून लिहितोय. माझी दोन एकर डाळिंब आहे, सगळी भगवा जातीची.

तिनं सांगितलेली गोष्ट अशी की त्या राजानं मुलीला डाळिंबाचा दाणा चारला, आणि तिथलं खाल्लं म्हणून तिला वर्षातला काही काळ तिथंच राहावं लागलं. जुन्या स्तोत्रात एक दाणा आणि वर्षाचा तिसरा हिस्सा. पुढं रोमच्या ओव्हिड कवीनं सात दाणे आणि अर्धं वर्ष केलं.

मला एक सांगायचंय. डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. आंबा, केळ, चिक्कू आढीत घालून पिकवता येतं. डाळिंबाचं तसं नाही. झाडावर जेवढं भरलं तेवढंच, कात्री लावली की गोडी तिथं थांबली. भगव्याला फूल लागल्यापासून सहा महिने जातात. चौथ्या-पाचव्या महिन्यात वरून लालबुंद दिसतं, व्यापारी बांधावर येऊन उभा राहतो, दर पण बरा सांगतो. फोडून बघितलं तर दाणे फिक्कट, खाल्लं तर तुरट. वरच्या रंगावर गेलं की फसलं. माझ्या वडिलांनी एकदा घाई केली होती, घरात अडचण होती. अख्खा माल कमी दरात गेला आणि झाडाकडं बघून ते दोन दिवस जेवले नाहीत.

दुसरं. बहार धरायच्या आधी आम्ही झाडाला ताण देतो. पाणी तोडायचं, पानं गाळायची, महिना-दीड महिना झाड नुसतं काटक्या. नवा माणूस बघितला तर म्हणल बाग मेली. मग पाणी सोडायचं, आणि आठ-पंधरा दिवसांत पालवी आणि कळी. त्या आईनं जगाचं धान्य थांबवलं म्हणता, ते मला लगेच कळलं. आमच्यात ते दरवर्षी हातानं करायला लागतं.

तर पुतणीला मी म्हणलं, ती पोरगी एकोणीसची असताना त्या राजानं तोडायची घाई केली का, एवढंच मला सांग. ती म्हणली, केली नाही, पण बांधावर उभा होता.

लेकीची_आई

भाऊ, तुमच्या पुतणीला माझा आशीर्वाद सांगा.

संगमावर

'बांधावर उभा होता'. इतके परिच्छेद लिहून मला जे म्हणता आलं नाही ते त्या मुलीनं तीन शब्दांत म्हटलं.

हळदबाजार

भाऊ, यंदा डाळिंबावर तेल्या रोग किती?

भगवा_बाग

आहेच थोडा. पाऊस लांबला की येतोच. फवारणी चालू आहे.

कोरी_वही

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री परत पहिल्या सीझनकडे गेले.

मी प्रश्न 'प्रेम की माया' असा विचारला होता. कोयनेचं_पाणी ताई, तुमच्यानंतर मला तो तसा विचारता येत नाही. त्याच्या बाजूनं प्रेम आहे, हे मला एसटी_खिडकी यांच्यामुळे पुन्हा दिसलं. पहिल्या रात्री तो खरंच चांगला वागतो. पण पहिल्या सीझनमध्ये तिच्या बाजूचं मला वाचताच येत नाही, कारण तिच्याकडे नाही म्हणायला जागा नाही. तिथे मी तिच्या 'हो'वर विश्वास ठेवू शकत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये ठेवते. म्हणजे मी ज्याच्यासाठी एकोणीसाव्या वर्षी रडले ते प्रेम तेव्हा अजून सुरूच झालं नव्हतं, आणि जिथे ते सुरू झालं तो भाग मी भराभर वाचून संपवला होता, कारण तोवर माझी नोकरी लागली होती.

वाईची_पायरी ताई, दारांचा हिशेब करत मी पुन्हा वाचणार आहे. तिला कुठे कुठे स्वतःची किल्ली मिळते ते लिहून काढते आणि इथेच टाकते.

एसटी_खिडकी

लिहून टाका. मी अजूनही म्हणेन की कुत्र्यांच्या प्रसंगात ती खरोखर मोकळी हसते. तेवढं यादीत घ्या.

कोरी_वही

घेते.

कोयनेचं_पाणी

मी पहिला सीझन पुन्हा वाचणार नाही, मला तो वाचवत नाही. तुमची यादी आली की तिसऱ्यापासून तुमच्याबरोबर वाचेन.

लेकीची_आई

लेकीला हा धागा पाठवला होता. म्हणाली, 'आई, तू डिमीटरसारखी नाहीस.' मग अर्ध्या तासानं अजून एक मेसेज आला, 'नऊ दिवस मशाल घेऊन तू पण हिंडली असतीस.' शनिवारी ती येतेय. भगवा_बाग भाऊ, इस्लामपुरात तुमचा माल कुठल्या दुकानात मिळेल? पूर्ण भरलेला हवा.

भगवा_बाग

अजून तीन आठवडे आहेत काकू. तोडणी झाली की पुतणीला कळवायला सांगतो.